स्कॅनमध्ये न सापडणारे संगणक: ऑफिसच्या नेटवर्क इन्व्हेंटरीतल्या अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या

विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि गोव्यातल्या अनेक ऑफिसांत मालकांनी एकच प्रश्न विचारला: आपल्याकडे नेमके किती संगणक आहेत आणि त्यांतले किती विंडोज ११ घेतील? पणजीतले सीएचे ऑफिस, वास्कोतला शिपिंग एजंट, फोंड्याची पतसंस्था, वेर्ण्याचा कारखाना, सगळीकडे उत्तरासाठी तीच माहिती लागते. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) आहे का, प्रोसेसर कोणत्या पिढीचा, रॅम किती, डिस्क किती. टेबलाटेबलाशी जाऊन हे वहीत लिहून घेता येते, पण महिन्याभरात ती वही जुनी होते. म्हणून लॅनस्वीपर, ओसीएस इन्व्हेंटरी, जीएलपीआय यांसारखे नेटवर्कवरून ही माहिती गोळा करणारे एखादे साधन बसवले जाते, स्कॅन चालवला जातो, आणि पहिल्याच दिवशी बऱ्याच संगणकांपुढे लाल खूण येते.

त्या क्षणी दोन गोष्टी करण्याचा मोह होतो. सगळ्यांचे फायरवॉल बंद करायचे, किंवा स्कॅनरला डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या संगणकांची किल्ली, देऊन टाकायचा. कृपा करून दोन्ही करू नका. यादी हिरवी होईल, पण ऑफिस उघडे पडेल. शिवाय बिघाड कुठे होता ते कळणार नाही, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा येईल. लाल खुणेच्या प्रत्येक संगणकामागे एक ठरावीक कारण असते आणि ते शोधता येते. खाली दिलेला क्रम विंडोज संगणकांच्या एजंटविना स्कॅनसाठी, म्हणजे त्या संगणकांवर वेगळा प्रोग्रॅम न बसवता होणाऱ्या स्कॅनसाठी आहे, कारण सर्वांत जास्त अडचणी तिथेच येतात.

आधी स्कॅन काय करतो ते डोळ्यांपुढे आणा

स्कॅनर एक आयपी पत्ता घेतो आणि तिथे कोणी आहे का ते पाहतो, बहुधा पिंग करून किंवा एखाद्या पोर्टवर हाक मारून. मग नाव शोधतो. त्यानंतर टीसीपी पोर्ट १३५ वर जाऊन आरपीसीकडे (दूरच्या संगणकाशी बोलण्याची विंडोजची सोय) विचारणा करतो. तिथून त्याला ४९१५२ ते ६५५३५ यांमधला एखादा वरचा पोर्ट सांगितला जातो आणि पुढचे बोलणे त्या पोर्टवर होते. मग तो लॉगिन करतो आणि डब्ल्यूएमआय या विंडोजच्या सेवेला हार्डवेअर-सॉफ्टवेअरबद्दल प्रश्न विचारतो. काही साधने यासोबत पोर्ट ४४५ वरून अ‍ॅडमिन शेअर किंवा रिमोट रजिस्ट्री वापरतात. काही नवी साधने विनआरएमच्या (दूरवरून विंडोज सांभाळण्याची नवी वाट) ५९८५ किंवा ५९८६ वरून जातात.

हा क्रम महत्त्वाचा, कारण बिघाडही याच क्रमाने शोधायचा. संगणक सापडतो का? पोर्ट उघडा आहे का? ओळख पटते का? आलेली माहिती खरी आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय तिसऱ्याकडे जायचे नाही. पासवर्ड बदलत बसलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि संगणकाची केबलच स्विचमधून निघालेली असते.

न सापडणाऱ्या संगणकांपैकी एकच निवडा. त्याच खोलीतला, त्याच स्विचवरचा, नीट स्कॅन होणारा दुसराही निवडा. दोघांची आयपी, नाव, डोमेन (एका सर्व्हरवरून सांभाळले जाणारे संगणक) की वर्कग्रुप (प्रत्येक संगणक स्वतंत्र), नेटवर्क प्रोफाइल, अँटिव्हायरस आणि स्कॅनरने दिलेला एरर कोड एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. निम्म्या वेळा फरक तिथेच दिसतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, ती त्याच कागदावर लिहा आणि लगेच त्या एका यंत्राचा स्कॅन करा.

संगणक सापडतच नाही

सर्वांत साधी शक्यता आधी. तो बंद असेल किंवा झोपलेला असेल. स्कॅन रात्री लावण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांकडून आली आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर विजा चमकतात म्हणून बहुतेक ऑफिसांत संध्याकाळी मेन स्विचच पाडून जातात, आणि ते योग्यच आहे. दुपारी एक ते तीन बंद राहणाऱ्या ऑफिसांत त्या वेळेचा स्कॅनही वाया जातो. सकाळी साडेदहा ते साडेअकरा ही वेळ मला सर्वांत भरवशाची वाटते. सगळे आलेले असतात आणि लॅपटॉप उघडलेले असतात.

संगणक चालू असेल तर त्याच्यासमोर बसून आयपीकॉन्फिग चालवा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ताच मिळालेला नाही. केबल, स्विचचा पोर्ट आणि आरजे-४५ चे टोक पाहा. आपल्या दमट हवेत, विशेषतः समुद्राजवळच्या ऑफिसांत, त्या टोकांवरचे धातूचे पाते गंजते. टोक हलवल्यावर लिंक येते-जाते असे दिसले तर नवीन टोक क्रिंप करा. पत्ता ठीक असेल, तर तो स्कॅनरला दिलेल्या रेंजमध्ये बसतो का ते तपासा. ऑफिस १९२.१६८.१ वर आहे आणि स्कॅनर १९२.१६८.० वर शोधतो आहे, हे वाटते त्यापेक्षा जास्त वेळा घडते. मात्र रेंज उगाच फुगवू नका. चोवीस बिटांच्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एका तुकड्यात) २५४ पत्ते असतात, सोळा बिटांच्या सबनेटमध्ये ६५,५३४. एवढ्या रिकाम्या पत्त्यांवर थांबत गेलात तर स्कॅन संपायलाच फार वेळ लागेल.

आता स्कॅनरवरून पिंग करा. उत्तर आले नाही म्हणून संगणक नाही असे समजू नका, विंडोजचे फायरवॉल पिंग अडवू शकते. पिंगनंतर लगेच एआरपीची यादी पाहा (आज्ञा एआरपी, पुढे वजा-ए). त्या आयपीपुढे मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) दिसला, तर यंत्र जिवंत आहे, तारेवर आहे, आणि फक्त फायरवॉल गप्प बसवते आहे. मॅकच आला नाही, तर अडचण तार, स्विच किंवा वाय-फायची आहे. ही युक्ती स्कॅनर आणि संगणक एकाच सबनेटमध्ये असतील तरच चालते, पण लहान ऑफिसांत ते तसेच असतात आणि फायरवॉल की तार हा वाद एका मिनिटात मिटतो.

गोव्यातल्या जुन्या घरांत थाटलेल्या ऑफिसांची एक खास अडचण आहे आणि ती ओळखायला वेळ लागतो. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वाय-फाय पलीकडे जात नाही. मग कोणीतरी घरचा जुना राउटर आणतो आणि मागच्या खोलीत लावतो. इंटरनेट सुरू होते, सगळे खूश. पण तो राउटर आपले स्वतःचे वेगळे नेटवर्क तयार करतो आणि त्याच्या मागचे सगळे संगणक एका पत्त्याआड लपवतो. स्कॅनरला मागच्या खोलीतले पाच संगणक दिसत नाहीत, एकच अनोळखी यंत्र दिसते. ओळखण्याची खूण अशी: मागच्या खोलीतल्या संगणकाचा गेटवे (ज्या राउटरमधून तो बाहेर जातो त्याचा पत्ता) आणि पुढच्या खोलीतल्या संगणकाचा गेटवे वेगळा निघतो. मागचा संगणक पुढच्याला पिंग करू शकतो, पण पुढचा मागच्याला करू शकत नाही.

उपाय सोपा आहे. त्या राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला मुख्य नेटवर्कमधला एक मोकळा पत्ता द्या, आणि मुख्य स्विचकडून येणारी केबल वॅनच्या ऐवजी लॅनच्या पोर्टात लावा. मग मागचे संगणक पुन्हा चालू करा म्हणजे त्यांना मुख्य राउटरकडून पत्ता मिळेल. जमल्यास मागच्या खोलीपर्यंत केबलच ओढा. भिंतीला एक भोक पाडण्याचा खर्च पुढच्या अनेक वर्षांच्या डोकेदुखीपेक्षा कमी असतो.

वाय-फायवरचा लॅपटॉप दिसत नसेल तर तो पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर आहे का ते बघा. तिथे यंत्रांना एकमेकांपासून तोडलेले असते, आणि पाहुण्यांसाठी ते तसेच असायला हवे. लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कवर आणा.

नावाचा घोळ हा याच गटातला. स्कॅनर म्हणतो अकाउंट्सचा संगणक सापडला, पण माहिती येते रिसेप्शनची. चवथीच्या सुट्टीनंतर हे हमखास होते. यंत्रे बरेच दिवस बंद राहतात, त्यांची डीएचसीपी लीज संपते (विंडोज सर्व्हरवर मूळ मुदत ८ दिवसांची असते), परत आल्यावर पत्ते वेगळे मिळतात, आणि डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) जुन्या नोंदी तशाच राहतात. एनएसलुकअपने नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव, दोन्ही बाजूंनी विचारा. उत्तरे जुळली नाहीत तर डीएनएसमधली जुनी नोंद काढा, त्या संगणकावर आयपीकॉन्फिगला रजिस्टरडीएनएस हा पर्याय देऊन नवी नोंद करवा, आणि सर्व्हरवर जुन्या नोंदी आपोआप साफ करण्याची सोय, म्हणजे स्कॅव्हेंजिंग, सुरू करा. ती मुळात बंद असते.

सापडतो, पण बोलत नाही

इथला नेहमीचा एरर म्हणजे आरपीसी सर्व्हर उपलब्ध नाही, कोडच्या शेवटी ८००७०६बीए. ४४५ वरून जाणाऱ्या साधनांत नेटवर्क पाथ सापडला नाही, म्हणजे एरर ५३, असे दिसते. दोन्हींचा अर्थ एकच: दरवाजापर्यंतच पोहोचलेलो नाही. पासवर्डाला अजून हात लावू नका.

स्कॅनरवर पॉवरशेल उघडा आणि टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा संगणकाचा पत्ता आणि पोर्ट १३५ देऊन चालवा. मग ४४५ साठी. तुमचे साधन विनआरएम वापरत असेल तर ५९८५ साठी. शेवटच्या ओळीत ट्रू आले तर पोर्ट उघडा आहे.

वर्कग्रुपच्या ऑफिसांत एका दिवसात सगळेच संगणक एकदम लाल झाले, तर मी पहिला प्रश्न विचारतो: राउटर बदलला का? वीज पडून राउटर जळणे हे आपल्याकडे दर पावसाळ्याचे आहे. नवा राउटर येतो, इंटरनेट चालते, त्यामुळे कोणाला काही बदलल्याचे जाणवत नाही. पण विंडोज नेटवर्क ओळखते ते बऱ्याच अंशी गेटवेच्या मॅक पत्त्यावरून. गेटवे बदलला की त्याला ते नेटवर्क अनोळखी वाटते आणि ते प्रोफाइल पब्लिक ठरवते, म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वाय-फायइतकेच अविश्वासू. प्रायव्हेट प्रोफाइलसाठी केलेले सगळे फायरवॉल नियम त्या क्षणी निरुपयोगी होतात.

गेट-नेटकनेक्शनप्रोफाइल ही आज्ञा चालवली की सध्याचे प्रोफाइल कळते. पब्लिक असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन प्रायव्हेट करा. डोमेनमधल्या संगणकावरही पब्लिक दिसत असेल तर त्याला डोमेन कंट्रोलर (डोमेन सांभाळणारा सर्व्हर) सापडत नाही. बहुधा त्याच्या डीएनएसमध्ये कंट्रोलरचा पत्ता जाऊन इंटरनेट कंपनीचा किंवा नव्या राउटरचा पत्ता आलेला असतो. तिथे डीएनएस दुरुस्त करा, प्रोफाइल आपोआप सुधारेल.

प्रोफाइल बरोबर असूनही १३५ बंद असेल तर फायरवॉलमध्ये विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन या गटाचे आत येणारे नियम पाहा. ते मुळात बंद असतात. गटातले तिन्ही नियम सुरू करा. नियम उघडून स्कोप या भागात एक गोष्ट जरूर तपासा: प्रायव्हेट आणि पब्लिक प्रोफाइलसाठीचे नियम फक्त स्थानिक सबनेटपुरतेच लागू असतात. स्कॅनर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) असेल, तर नियम सुरू दिसतो, हिरवी खूणही दिसते, आणि तरीही काही होत नाही. तिथे स्कॅनरचा नेमका आयपी भरा. स्कॅनर त्याच सबनेटमध्ये असला तरीही मी फक्त स्कॅनरचाच आयपी भरण्याचा आग्रह धरतो. एका संगणकात रॅन्समवेअर शिरला तर त्याला शेजारच्या संगणकात जाण्यासाठी हेच पोर्ट हवे असतात. त्यासाठी स्कॅनरला कायमचा ठरावीक आयपी द्या.

१३५ उघडा आहे पण ८००७०६बीए तरीही येतो? मग वरचे पोर्ट अडले आहेत. हे मुख्यतः दोन व्हीलॅनच्या किंवा दोन शाखांच्या मध्ये फायरवॉल असते तेव्हा होते. ४९१५२ पासून पुढचे सगळे पोर्ट खुले करायला नेटवर्क सांभाळणारा माणूस तयार होत नाही, आणि त्याचे बरोबर आहे. अशा वेळी लक्ष्य संगणकावर विनएमजीएमटी या आज्ञेला स्टँडअलोनहोस्ट हा पर्याय देऊन डब्ल्यूएमआयची सेवा पुन्हा सुरू केली, की ती ठरावीक पोर्ट २४१५८ वर बसते. मग १३५ आणि २४१५८ एवढेच उघडावे लागतात.

दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर विंडोजच्या फायरवॉलची जागा त्याने घेतलेली असू शकते, त्यामुळे नियम त्याच्या स्वतःच्या पॅनेलमध्ये करावे लागतात. कधी तो स्कॅनरला हल्लेखोर समजून काही वेळ अडवतो. स्कॅन सुरू झाल्यावर पहिले काही प्रश्न नीट जातात आणि मग सगळे बंद पडते, ही त्याची खूण.

दार उघडले, ओळख पटत नाही

इथे कोड नीट वाचा. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. ८००७०००५ म्हणजे प्रवेश नाकारला. ८००४१००३ म्हणजे आत शिरलात पण डब्ल्यूएमआयच्या त्या भागात परवानगी नाही. ८००४१०६४ म्हणजे स्कॅनर स्वतःलाच वेगळे नाव-पासवर्ड देऊन स्कॅन करतो आहे. डब्ल्यूएमआय स्वतःच्याच यंत्रावर ते चालवून घेत नाही, त्यामुळे त्या यंत्रासाठी साधनात वेगळी सोय करा.

वर्कग्रुपमधला ८००७०००५ हा सर्वांत जास्त वेळ खाणारा एरर आहे. पासवर्ड बरोबर असतो, खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर गटात असते, समोर बसून लॉगिन होते, आणि स्कॅन मात्र नाकारला जातो. कारण यूएसीचा (विंडोजच्या अधिकार-नियंत्रणाचा) दूरवरच्या लॉगिनसाठीचा नियम. स्थानिक अ‍ॅडमिन खाते नेटवर्कवरून आले की विंडोज त्याचे अधिकार छाटते. डोमेनच्या खात्याला हा नियम लागत नाही आणि मूळच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यालाही साधारणपणे लागत नाही, म्हणून एका यंत्रावर चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही असे दिसते.

खात्री करून घ्यायची असेल तर लक्ष्य संगणकाच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉग उघडा. स्कॅनच्या त्याच मिनिटाला ४६२४ ही नोंद, लॉगऑन प्रकार ३ सह, दिसली आणि तरीही स्कॅनरला ८००७०००५ मिळाला, तर ओळख पटलेली आहे आणि अधिकार छाटले गेले आहेत. उलट ४६२५ दिसली तर लॉगिनच फसले आहे आणि तिच्यातला उपकोड कारण सांगतो. शेवटी ६ए असेल तर पासवर्ड चूक, ६४ असेल तर असे खातेच नाही, २३४ असेल तर खाते लॉक, ७२ असेल तर बंद केलेले, ६ई असेल तर खात्यावर बंधन आहे, बहुतेक वेळा रिकामा पासवर्ड. अपयशी लॉगऑनचे ऑडिट सुरू नसेल तर ४६२५ येणार नाही. तपासापुरते ते सुरू करा.

छाटलेल्या अधिकारांवर उपाय रजिस्ट्रीत आहे. एचकेएलएममध्ये सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, पॉलिसीज, सिस्टम या वाटेने जा आणि तिथे लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी नावाची डीवर्ड नोंद करून किंमत १ द्या. पण हे करताना काय देऊन टाकतो आहोत ते जाणून घ्या. सगळ्या संगणकांवर एकच स्थानिक अ‍ॅडमिन आणि एकच पासवर्ड असेल, तर या बदलानंतर एका संगणकावरून चोरलेल्या ओळखीने बाकी सगळे उघडता येतात. म्हणून वर्कग्रुपच्या ऑफिसाला माझा सल्ला हा बदल न करता एजंट बसवण्याचा असतो. बदल करायचाच असेल तर वर सांगितल्याप्रमाणे फायरवॉलचा नियम फक्त स्कॅनरच्या आयपीपुरता ठेवूनच करा.

रिकाम्या पासवर्डाचे खाते नेटवर्कवरून चालतच नाही, विंडोज त्याला फक्त समोर बसून लॉगिन करू देते. पिनचेही तसेच: तो त्या एका यंत्रापुरता असतो, स्कॅनरला पिन देऊन उपयोग नाही, खरा पासवर्ड लागतो.

डोमेनमध्ये स्कॅनसाठी स्वतंत्र खाते तयार करा. ग्रुप पॉलिसीने त्याला फक्त कामाच्या संगणकांवर स्थानिक अ‍ॅडमिन करा, सर्व्हरवर नको, आणि समोर बसून किंवा रिमोट डेस्कटॉपने लॉगिन करण्यास मनाई करा. डोमेन अ‍ॅडमिन का नको? स्कॅनर रेंजमधल्या प्रत्येक यंत्राकडे जाऊन ओळख दाखवतो. त्यांत कोणी घुसवलेले यंत्र असेल तर ते ती एनटीएलएम (विंडोजची जुनी लॉगिन पद्धत) ओळख पुढे दुसरीकडे वापरू शकते. सगळ्या राज्याची किल्ली अशा रीतीने दारोदार फिरवायची नसते.

डोमेनमधला आणखी एक गुंता. नावाने स्कॅन केला तर नाकारतो, आयपीने केला तर चालतो. आयपीने गेल्यावर सहसा करबेरॉस (डोमेनची नेहमीची लॉगिन पद्धत) सोडून एनटीएलएम वापरले जाते, म्हणजे दोष करबेरॉसच्या बाजूला आहे. घड्याळ पाहा. मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक करबेरॉस चालवून घेत नाही. मदरबोर्डवरचा बटण सेल संपलेला जुना असेंबल्ड संगणक वीज गेली की मागच्या तारखेला जातो. सेल बदला, आणि डोमेन कंट्रोलरची वेळ एखाद्या भरवशाच्या एनटीपी सर्व्हरशी जोडा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळे जुळवण्याबद्दल सांगितलेलेच आहे, तेव्हा एका कामात दोन्ही होतात.

एकाच साधनात चार-पाच वेगवेगळे पासवर्ड भरून ठेवू नका. ते एकामागून एक वापरून पाहते आणि खाती लॉक होतात. सोमवारी सकाळी अकाउंट्सच्या बाई लॉगिन होत नाही म्हणून फोन करतात त्याचे कारण कधी कधी हेच असते.

ओळख पटली, तरी उत्तर नाही

आता लक्ष्य संगणकावरच पॉवरशेल उघडा आणि गेट-सिमइन्स्टन्स ही आज्ञा विन३२_कॉम्प्युटरसिस्टम देऊन चालवा. स्थानिक पातळीवरच एरर आला तर डब्ल्यूएमआय बिघडले आहे. विनएमजीएमटीला व्हेरिफायरिपॉझिटरी हा पर्याय देऊन तपासा. सुसंगत नाही असे उत्तर आले तर सॅल्व्हेजरिपॉझिटरी चालवा. रीसेटरिपॉझिटरी शेवटचा उपाय, कारण त्यानंतर काही प्रोग्रॅमच्या नोंदी हरवू शकतात.

स्कॅनरवरून तपासताना एक सापळा आहे. गेट-सिमइन्स्टन्सला दूरच्या संगणकाचे नाव दिले की ती आज्ञा विनआरएमने जाते. जुनी गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट आणि डब्ल्यूबीईएमटेस्ट ही डीकॉमने, म्हणजे पोर्ट १३५ च्या जुन्या वाटेने, जातात. तुमचे साधन ज्या वाटेने जाते त्याच वाटेने तपासा, नाहीतर चुकीच्या रस्त्याची दुरुस्ती करत बसाल. साधन डब्ल्यूएमआयसीवर अवलंबून असेल तर लक्षात ठेवा की विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ती आज्ञा मुळात बसवलेली नसते.

साधन फार जुने असेल, किंवा लिनक्सवरून डब्ल्यूएमआय विचारणारे असेल, आणि अपडेट झालेले विंडोज संगणकच नेमके नाकारत असतील, तर लक्ष्य संगणकाच्या सिस्टम लॉगमध्ये १००३६ ही नोंद शोधा. मायक्रोसॉफ्टने डीकॉमचे नियम टप्प्याटप्प्याने कडक केले आणि १४ मार्च २०२३ पासून ते बंद करण्याची सोयही काढली. इथे संगणकाचा दोष नाही. स्कॅनर अपडेट करा.

यादी हिरवी झाली, पण खरी आहे का

मला या टप्प्याची सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण इथे एरर येत नाही. साठ संगणकांचे ऑफिस आणि यादीत पंचावन्न, सगळे हिरवे. पाच गेले कुठे?

म्हापसा-मडगावच्या दुकानांतून जोडून घेतलेल्या असेंबल्ड संगणकांत सीरियल नंबरच्या जागी बऱ्याचदा टू बी फिल्ड बाय ओईएम किंवा डीफॉल्ट स्ट्रिंग असेच छापलेले असते. साधन सीरियलवरून संगणक ओळखत असेल तर अशी सहा यंत्रे एकात मिसळतात आणि शेवटी स्कॅन झालेल्याची माहिती उरते. काही मदरबोर्डांचा यूयूआयडीही (बोर्डाचा ओळख क्रमांक) सारखाच निघतो. उलट प्रकारही होतो: एकच लॅपटॉप केबलवर, वाय-फायवर आणि डॉकवर तीन वेगळ्या मॅक पत्त्यांनी तीनदा नोंदला जातो. यूएसबी-इथरनेटचा एक जोड तीन लॅपटॉप आळीपाळीने वापरत असतील तर तिन्ही एक होतात. साधनात ओळखीचा निकष नाव आणि डोमेन यांच्या जोडीवर ठेवा, अशा निरर्थक सीरियल नंबरांना वगळण्याची यादी असेल तर ती भरा, आणि प्रत्येक यंत्रावर स्वतःचा मालमत्ता क्रमांक चिकटवा. मग स्विचच्या मॅक टेबलमधली यंत्रे आणि तुमची यादी यांची एकदा गाठ घालून पाहा. जे तिथे आहे आणि यादीत नाही, त्याच्यापर्यंत चालत जा.

टीपीएमचा रकाना रिकामा आला तर घाईने टीपीएम नाही असे लिहू नका. ती माहिती डब्ल्यूएमआयच्या वेगळ्या नेमस्पेसमधून येते आणि अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. अनेक बोर्डांवर टीपीएम बायोसमध्ये बंद ठेवलेले असते, इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने. ते सुरू करण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की हाताशी ठेवा. केवळ या रकान्यावरून चांगले संगणक भंगारात निघू नयेत.

सॉफ्टवेअरच्या यादीसाठी साधन विन३२_प्रॉडक्ट वापरत असेल तर ते बदला. त्या प्रश्नासरशी विंडोज एमएसआयने बसवलेला प्रत्येक प्रोग्रॅम तपासू लागते, संगणक मंदावतो आणि अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये १०३५ च्या नोंदींची रांग लागते. रजिस्ट्रीतल्या अनइन्स्टॉलच्या नोंदी वाचा, ६४ बिटांच्या आणि ३२ बिटांच्या दोन्ही.

बाकीची यंत्रे

प्रिंटर आणि स्विच यूडीपी १६१ वरून एसएनएमपीने माहिती देतात, त्यासाठी कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डासारखा शब्द) जुळली पाहिजे. ती पब्लिक अशीच ठेवलेली असेल तर बदला. स्कॅन चालू असताना प्रिंटर अगम्य अक्षरांची पाने काढू लागला, तर स्कॅनर ९१०० पोर्टला हात लावतो आहे. तो पोर्ट वगळा. अॅपलच्या मॅक संगणकांवर शेअरिंगमध्ये रिमोट लॉगिन सुरू लागते, लिनक्सवर एसएसएच, आणि सीरियल नंबर हवा असेल तर डीएमआयडीकोडसाठी सुडोची मर्यादित परवानगी.

पणजीत मुख्य ऑफिस आणि पेडणे, काणकोण इथे शाखा असतील तर व्हीपीएनवरून एजंटविना स्कॅन ओढत बसू नका. डब्ल्यूएमआयला फार वेळा जा-ये करावी लागते, लाइन मंद असली की टाइमआउट होतो आणि दर वेळी वेगळेच संगणक लाल दिसतात. शाखेतल्या एका संगणकावर स्थानिक स्कॅनर ठेवा किंवा प्रत्येक यंत्रावर एजंट बसवा. एजंट आतून बाहेर बोलतो, त्यामुळे आत येणारे पोर्ट उघडावे लागत नाहीत, आणि साइटवर फिरणारा लॅपटॉप घरच्या वाय-फायवरूनही नोंद पाठवू शकतो, फक्त सर्व्हरपर्यंत एन्क्रिप्टेड वाट हवी. कर्मचाऱ्यांना एजंट काय गोळा करतो ते आधी सांगा. हार्डवेअर आणि प्रोग्रॅमची यादी पुरेशी आहे, ब्राउझरचा इतिहास किंवा फायलींची नावे गोळा करणारे पर्याय बंद ठेवा.

सगळे जुळल्यावर तपासासाठी केलेले तात्पुरते बदल त्याच कागदावरून परत घ्या. चाचणीसाठी सर्वांसाठी उघडलेला नियम स्कॅनरच्या आयपीपुरता करा, चाचणीचे खाते काढून टाका, ज्या संगणकावर एजंट बसला तिथे टोकन फिल्टरची नोंद परत शून्य करा आणि डब्ल्यूएमआयचे नियम बंद करा. मग साधनात एक सूचना लावा: कोणताही संगणक पंधरा दिवसांत दिसला नाही तर कळव. चवथीच्या आठवड्यात ती पुढे ढकला, आणि राउटर किंवा स्विच बदलला की त्याच दिवशी एक स्कॅन हाताने चालवा.